चालू व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप: सेवा न थांबवता, पण भरवशाचा

चालू व्हीएमची (व्हर्च्युअल मशीनची) डिस्क फाइल रात्री आरसिंक या कॉपीच्या कमांडने दुसऱ्या मशीनवर नेऊन ठेवायची, ही पद्धत अजूनही बऱ्याच ठिकाणी सुरू आहे. कमांड यशस्वी होते, फाइलचा आकारही बरोबर दिसतो, आणि नेमका तिथेच घोळ असतो. ८० जीबीची फाइल गिगाबिट नेटवर्कवरून जायला साधारण साडेबारा मिनिटं लागतात. म्हणजे फाइलचा पहिला भाग दोन वाजताचा आणि शेवटचा दोन वाजून बारा मिनिटांचा. जर्नल (फाइल सिस्टिमची बदलांची नोंदवही) एका वेळेचं, डेटा दुसऱ्या वेळेचा. क्यूकाऊ२ (व्हीएमच्या डिस्कसाठीचा एक फाइल प्रकार) असेल तर गेस्टच्या, म्हणजे व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, फाइल सिस्टिमपर्यंत जायचीही गरज नाही. कुठला ब्लॉक फाइलमध्ये कुठे आहे हे सांगणारे क्यूकाऊ२चे तक्तेच आपसात जुळत नाहीत. असा बॅकअप पाचपैकी चार वेळा बूट होतोही. पाचव्यांदा तो हवा असतो तेव्हा होत नाही.

दुसरं टोक म्हणजे मशीन बंद करून कॉपी करणं. ते बिनचूक आहे, पण तासभर सेवा बंद ठेवायला कुणी तयार नसतं. खरं तर कॉपीला लागणारा वेळ आणि सेवा थांबण्याचा वेळ यांचा संबंधच तोडता येतो. थांबायचं ते फक्त एक क्षण पकडण्यापुरतं, एखाद-दोन सेकंद. बाकी सगळं मागे सावकाश चालतं. खाली केव्हीएम आणि लिबव्हर्ट या लिनक्सवर व्हीएम चालवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवरची पद्धत सविस्तर दिली आहे. बाकीच्या प्लॅटफॉर्मवर नावं बदलतात, कल्पना तीच. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत, आणि पर्यायांच्या आधी दोन आडव्या रेघा देऊन लिहायच्या.

बॅकअप किती भरवशाचा हवा?

पकडलेल्या क्षणाच्या तीन पातळ्या असतात. पहिली 'क्रॅश कन्सिस्टंट': सगळ्या डिस्क एकाच क्षणाच्या, पण मशीनची वीज अचानक गेल्यासारखी अवस्था. मेमरीत असलेलं आणि डिस्कवर न उतरलेलं गेलं. दुसरी फाइल सिस्टिमच्या पातळीवर सुसंगत: क्षण पकडण्याआधी गेस्टने आपले बफर डिस्कवर उतरवले आणि लिहिणं थांबवलं. तिसरी ॲप्लिकेशनच्या पातळीवरची: डेटाबेसलाही आधी सांगितलं की आता थांब. जर्नल असलेली फाइल सिस्टिम आणि धड डेटाबेस पहिल्या प्रकारातूनही बहुतेक वेळा उभे राहतात, पण दुसरी पातळी इतकी स्वस्तात मिळते की ती सोडण्यात अर्थ नाही.

तयारी

गेस्टमध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट हवा: होस्टच्या (व्हीएम ज्यावर चालतं त्या मशीनच्या) सूचना गेस्टच्या आत पाळणारा प्रोग्राम. क्यूईएमयू म्हणजे व्हीएम प्रत्यक्ष चालवणारं सॉफ्टवेअर. डेबियन, उबंटू, फेडोरा वगैरेंमध्ये याच नावाचं पॅकेज असतं. विंडोजसाठी तो व्हर्टआयओ ड्रायव्हरच्या आयएसओमध्ये मिळतो. पॅकेज टाकून भागत नाही, व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये एजंटसाठीचं चॅनलही असावं लागतं. नसेल तर सेवा सुरू दिसते आणि होस्टवर मात्र 'एजंट इज नॉट कनेक्टेड' येतं. तपासायला होस्टवरून 'व्हर्श डोमएफएसइन्फो' आणि व्हीएमचं नाव द्या. गेस्टमधल्या माउंट पॉइंटची यादी आली तर फ्रीझ होण्याचा, म्हणजे फाइल सिस्टिम क्षणभर गोठवण्याचा, रस्ता मोकळा आहे.

मग 'व्हर्श डोमबीएलकेलिस्ट' चालवून डिस्कची यादी आणि प्रत्येकीची फाइल नोंदवून ठेवा. उदाहरणादाखल 'हिशेब' नावाचं व्हीएम घेऊ. त्यात वीडीए ही सिस्टिमची आणि वीडीबी ही डेटाची डिस्क.

याच वेळी 'व्हर्श डम्पएक्सएमएल'ला 'इनॲक्टिव्ह' आणि 'सिक्युरिटी-इन्फो' हे पर्याय देऊन व्हीएमची व्याख्या वाचवा. हे स्नॅपशॉटच्या, म्हणजे तो क्षण पकडण्याच्या, आधीच करायचं. नंतर केलं तर एक्सएमएलमध्ये तात्पुरत्या ओव्हरले फाइलचं (स्नॅपशॉटनंतरचं नवं लिखाण जिच्यात जातं तिचं) नाव येतं, आणि रिस्टोअरच्या दिवशी ती फाइल जगात कुठेच नसते. यूईएफआयवर बूट होणारं मशीन असेल तर त्याची एनव्हीरॅम (बूटच्या सेटिंग्जची) फाइल, आणि व्हर्च्युअल टीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारी चिप) असेल तर त्याचं स्टेट फोल्डरही घ्या. बिटलॉकर लावलेलं विंडोज टीपीएमशिवाय रिकव्हरी की मागत बसेल.

शेवटची तयारी जागेची, आणि इथे अंदाज बहुतेक वेळा कमी धरला जातो. कॉपी चालू असताना गेस्टचं सगळं नवं लिखाण ओव्हरलेमध्ये जातं. गेस्ट सेकंदाला ५ एमबी लिहीत असेल आणि कॉपीला साडेबारा मिनिटं लागत असतील तर हिशोबाने पावणेचार जीबी पुरेत. प्रत्यक्षात क्यूकाऊ२ डीफॉल्टने ६४ केबीच्या क्लस्टरमध्ये जागा घेते. डेटाबेसने इकडेतिकडे विखरून ४-४ केबी लिहिले तर प्रत्येक वेळी नवा ६४ केबीचा तुकडा लागू शकतो. म्हणून निदान तिप्पट जागा मोकळी असू द्या, विखुरलं लिखाण जास्त असेल तर त्याहूनही जास्त. जागा संपलीच तर लिबव्हर्ट व्हीएमला पॉज करतं. 'डोमस्टेट'ला 'रीझन' जोडून पाहिलं की आयओ एररमुळे थांबल्याचं कळतं. जागा मोकळी करून 'व्हर्श रिझ्यूम' दिलं की ते सोडलं तिथून पुढे चालतं. डेटा जात नाही, पण सेवा तेवढा वेळ ठप्प.

क्षण पकडणं

कमांड 'व्हर्श स्नॅपशॉट-क्रिएट-ॲज'. तिला डोमेन (लिबव्हर्टच्या भाषेत व्हीएम) म्हणून 'हिशेब', नाव म्हणून 'रात्र', आणि चार पर्याय द्यायचे. 'डिस्क-ओन्ली' म्हणजे मेमरी नको. मेमरी घ्यायला गेलं तर वेळ आणि थांबणं दोन्ही वाढतं. 'ॲटॉमिक' म्हणजे सगळ्या डिस्कचा स्नॅपशॉट होईल किंवा एकीचाही नाही. 'क्विएस' म्हणजे आधी एजंटकरवी फाइल सिस्टिम गोठवायची आणि लगेच सोडायची. 'नो-मेटाडेटा' म्हणजे लिबव्हर्टने या स्नॅपशॉटची नोंद ठेवायची नाही, कारण तो आपण थोड्या वेळात मोडणारच आहोत. एखादी डिस्क नको असेल, समजा वीडीसीवर नुसता कॅश आहे, तर 'डिस्कस्पेक'मध्ये तिच्यापुढे 'स्नॅपशॉट बरोबर नो' लिहा.

कमांड परतली की 'डोमबीएलकेलिस्ट' पुन्हा पाहा. वीडीएसमोर आता हिशेब.क्यूकाऊ२ नाही, हिशेब.रात्र दिसेल. जुनी फाइल आता बेस झाली. गेस्ट तिच्यातून वाचतो, लिहीत मात्र नाही. ती त्या क्षणाची गोठलेली प्रत आहे आणि तिला निवांत कॉपी करता येते. गेस्टला जाणवलेला थांबा एवढाच.

स्नॅपशॉटच्या नावात रोजची तारीख घालायचा मोह होतो. घालू नका. एकच ठरलेलं नाव असेल तर काल रात्रीचं विलीनीकरण (ओव्हरले परत मूळ फाइलमध्ये मिसळणं) फसल्यावर आजची कमांड 'फाइल आधीच आहे' म्हणून अडते आणि तुम्हाला कळतं. तारीख असेल तर ती बिनतक्रार दुसरा ओव्हरले चढवते, मग तिसरा. महिनाभराने तीस फाइलींची साखळी तयार होते, मशीन मंदावतं, आणि बेस फाइलची जी कॉपी रोज इमाने इतबारे होत होती ती महिन्यापूर्वीची असते.

कॉपी

बेस फाइल 'सीपी'ने 'स्पार्स' चालू ठेवून किंवा 'क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट'ने हलवता येते. कॉम्प्रेशन याच पायरीत करू नका. त्याने कॉपीचा वेळ काही पटींनी वाढतो आणि तितका वेळ ओव्हरले फुगत राहतो. आधी जशीच्या तशी प्रत काढा, विलीनीकरण उरका, मग त्या प्रतीवर हवं तेवढं कॉम्प्रेशन करा.

'कन्व्हर्ट'ने लॉक मिळत नसल्याची तक्रार केली तर तिला गप्प करायला 'फोर्स-शेअर' लावू नका. क्यूईएमयूमध्ये २०१७ साली, २.१० आवृत्तीपासून, इमेज लॉकिंग आलं ते याचसाठी: तक्रार येते म्हणजे त्या फाइलमध्ये अजून कुणीतरी लिहितंय. बहुधा स्नॅपशॉट झालेलाच नसतो आणि स्क्रिप्टने एररकडे न पाहता पुढची ओळ चालवलेली असते.

होस्टवर रीफ्लिंक (डेटा न हलवता तेच ब्लॉक वाटून घेणारी प्रत) चालणारी फाइल सिस्टिम असेल, म्हणजे बीटीआरएफएस किंवा रीफ्लिंकसह बनवलेली एक्सएफएस, तर एक फार सोयीची युक्ती आहे. 'सीपी'ला 'रीफ्लिंक' 'ऑलवेज' द्या. ८० जीबीची प्रत सेकंदाभरात तयार होते, कारण प्रत्यक्षात काही हलतच नाही. लगेच ओव्हरले विलीन करा आणि मग ती रीफ्लिंक प्रत सावकाश दुसऱ्या मशीनवर पाठवा. ओव्हरलेचं आयुष्य पंधरा मिनिटांवरून काही सेकंदांवर येतं. मात्र पाठवणं पूर्ण होईपर्यंत दोन्ही प्रती एकाच डिस्कवर आहेत, म्हणजे बॅकअप झालेला नाही.

विलीनीकरण

सगळ्यात जास्त स्क्रिप्ट इथे मोडतात, म्हणून इथे घाई नको. प्रत्येक डिस्कसाठी वेगळं 'व्हर्श ब्लॉककमिट' चालवायचं: व्हीएमचं नाव, वीडीए, आणि 'ॲक्टिव्ह', 'पिव्हट', 'व्हर्बोज' हे पर्याय. ओव्हरलेमध्ये साठलेलं लिखाण बेसमध्ये उतरतं, त्याच वेळी गेस्टचं नवं लिखाणही पोचवलं जातं, दोन्ही बाजू जुळल्या की क्यूईएमयू एका झटक्यात गेस्टला परत बेसवर वळवतं. हा झटका गेस्टला सहसा जाणवतही नाही. मग वीडीबीसाठी तेच. दोन डिस्कचा स्नॅपशॉट एका कमांडने होतो पण कमिट दोनदा करावं लागतं, हे विसरल्यामुळे वीडीबी ओव्हरलेवर राहून गेलेली मशीन्स कमी नाहीत.

दरम्यान एसएसएच तुटलं तर घाबरू नका. काम क्यूईएमयूच्या आत चालू असतं. परत लॉगिन करून 'व्हर्श ब्लॉकजॉब'ला व्हीएम, डिस्क आणि 'इन्फो' द्या. शंभर टक्के दाखवून थांबलेलं असेल तर फक्त वळवणं बाकी आहे. त्याच कमांडला 'इन्फो'ऐवजी 'पिव्हट' द्या. होस्टच मध्येच बंद पडला तरी ओव्हरले शाबूत असेपर्यंत साखळी बरोबर वाचली जाते. मशीन ओव्हरलेवरूनच सुरू करा आणि कमिट पुन्हा चालवा. अर्धवट कमिट झालेली एकटी बेस फाइल मात्र वापरायच्या लायकीची नसते.

ओव्हरले फाइल पुसण्याआधी 'डोमबीएलकेलिस्ट'मध्ये मूळ फाइलचं नाव परत आलंय का ते डोळ्यांनी पाहा, स्क्रिप्ट असेल तर तिला पाहायला लावा. ओव्हरलेचं नाव दिसत असताना ती पुसली तर स्नॅपशॉटनंतरचं सगळं लिखाण गेलं. लिनक्सवर उघडी फाइल पुसली तरी व्हीएम काही न झाल्यासारखं चालत राहतं. फटका बसतो तो पुढच्या शटडाउननंतर, आणि तोवर कारण कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

गेस्ट इतकं लिहीत असेल की कमिट त्याला गाठतच नाही, तर कामाच्या वेळेत ओढाताण करण्यापेक्षा लिखाण मंदावण्याची वेळ निवडा. व्हीएममधल्या दुसऱ्या जडकामांशी, म्हणजे लॉग फिरवणं, इंडेक्सिंग, अँटिव्हायरस स्कॅन यांच्याशी बॅकअपची वेळ टक्कर घेत नाही ना, हेही पाहा. मध्यरात्री बाराला सगळ्यांचेच क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) लागलेले असतात. दोन वाजून सतरा मिनिटं ही जास्त शहाणी वेळ आहे.

फ्रीझ अडकतो तेव्हा

गोठवणं आणि सोडणं यांच्यात काही बिनसलं तर गेस्ट जिवंत दिसतो पण कामं करत नाही. पिंगला उत्तर देतो. एसएसएचने लॉगिन करू पाहिलं तर पासवर्डनंतर लटकतो, कारण लॉगिनची नोंद डिस्कवर लिहायची असते. लोड ॲव्हरेज चढत जातो. होस्टवरून 'व्हर्श डोमएफएसथॉ' देऊन पाहा. बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतो. गेस्टच्या आत लूप डिव्हाइसवर माउंट केलेली फाइल सिस्टिम असेल, काही होस्टिंग कंट्रोल पॅनल तात्पुरत्या फोल्डरसाठी तसं करतात, तर तो संशयित क्रमांक एक. खालची फाइल सिस्टिम आधी गोठली की वरची आपले बफर उतरवायला थांबून राहते आणि दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसतात.

विंडोजमध्ये एजंट व्हॉल्यूम शॅडो कॉपी सर्व्हिसकडून काम करून घेतो. ती डिस्कवरचं लिखाण जास्तीत जास्त १० सेकंद धरून ठेवते. तेवढ्यात स्नॅपशॉट झाला नाही तर प्रयत्न रद्द होतो. स्टोरेज मंद असेल तर हे वारंवार होतं. गेस्टमध्ये 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स' चालवून कुठला रायटर (त्या सर्व्हिसला जोडलेला एखाद्या ॲप्लिकेशनचा भाग) अडलाय ते पाहा.

डेटाबेस

पोस्टग्रेस आणि इनोडीबी वापरणारं मायएसक्यूएल क्रॅश कन्सिस्टंट प्रतीतून आपापल्या लॉगच्या आधाराने सावरतात. अट एकच: डेटा आणि लॉग एकाच क्षणाचे हवेत. पोस्टग्रेसचे वॉल लॉग (बदल आधी ज्यात नोंदवले जातात ते) वेगळ्या डिस्कवर असतील तर ती डिस्कही त्याच स्नॅपशॉटमध्ये हवी.

मायआयएसएएम तक्ते (असा लॉग नसलेला मायएसक्यूएलचा जुना प्रकार) असतील तर फ्रीझच्या आधी 'फ्लश टेबल्स विथ रीड लॉक' लागतं, आणि ते एजंटच्या फ्रीझ हुकमध्ये (गोठवताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) घालता येतं. यातली नेहमीची चूक अशी की हुकमध्ये मायएसक्यूएल क्लायंटला ही एक ओळ देऊन तो बंद होऊ दिला जातो. क्लायंटचं सेशन संपलं की लॉकही सुटतो, म्हणजे फ्रीझच्या वेळी काहीच धरलेलं नसतं. सेशन थॉ होईपर्यंत, म्हणजे गोठवलेलं सोडेपर्यंत, उघडं ठेवावं लागतं. शिवाय एखादी लांबलचक क्वेरी चालू असेल तर लॉक तिच्यासाठी थांबतो आणि मागून येणाऱ्या सगळ्या क्वेरी लॉकमागे रांग लावतात. दोन सेकंदांचा थांबा दहा मिनिटांचा होतो. हुकला वेळेची मर्यादा घाला. आणि व्हीएमच्या बॅकअपवर विसंबून लॉजिकल डम्प (डेटाबेसमधून तक्ते वेगळे काढून ठेवणं) बंद करू नका. चुकून उडवलेला एक तक्ता परत आणायला ८० जीबीचं मशीन उभं करणं कुणाला आवडत नाही.

ओव्हरलेशिवायचा रस्ता

लिबव्हर्ट ६.०मध्ये, २०२० साली, 'बॅकअप-बिगिन' आलं. यात ओव्हरले नाही, कमिट नाही. क्षण ठरला की गेस्ट ज्या ब्लॉकवर लिहायला जाईल त्यातला जुना मजकूर क्यूईएमयू आधी बॅकअपमध्ये टाकतं, मग लिहू देतं. यात 'क्विएस' पर्याय नसल्याने क्रम हाताने सांभाळायचा: 'डोमएफएसफ्रीझ', मग 'बॅकअप-बिगिन', आणि ती कमांड परतताच 'डोमएफएसथॉ'. स्क्रिप्टमध्ये थॉ अशा जागी ठेवा की मधली कमांड फसली तरी तो चालेलच. प्रगती 'डोमजॉबइन्फो'मध्ये दिसते.

याचा मोठा फायदा वाढीव बॅकअपचा: चेकपॉइंट (मागच्या बॅकअपच्या क्षणाची खूण) ठेवले की पुढच्या वेळी फक्त बदललेले ब्लॉक. त्यासाठी डिस्क क्यूकाऊ२च्या तिसऱ्या आवृत्तीची लागते. रॉ फाइलमध्ये बिटमॅप (कुठले ब्लॉक बदलले याची नोंद) टिकवून ठेवायला जागाच नसते. तोटा असा की बॅकअपचं ठिकाण मंद असेल तर गेस्टचं लिखाणही त्याच्यामागे मंदावतं, कारण जुना ब्लॉक पोचल्याशिवाय नवा लिहिता येत नाही. दूरच्या नेटवर्कवर थेट बॅकअप घेण्यापेक्षा जवळच्या वेगवान डिस्कवर घ्या, मग पाठवा.

प्रॉक्समॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या प्लॅटफॉर्मचा 'स्नॅपशॉट' मोड आतून असाच चालतो, म्हणून तिथेही मंद बॅकअप सर्व्हरमुळे व्हीएम अडखळल्याच्या तक्रारी येतात. त्यावर ८.२ आवृत्तीत 'फ्लीसिंग' आलं: जुने ब्लॉक आधी स्थानिक डिस्कवर. तिथला बदलांचा बिटमॅप व्हीएम बंद करून सुरू केलं की जातो, म्हणून त्यानंतरचा पहिला बॅकअप पूर्ण डिस्क वाचतो. त्यात बिघाड काही नाही. व्हीएमवेअरवर स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये अशी कंपनीचीच शिफारस आहे, आणि गेस्टला खरा झटका स्नॅपशॉट काढून टाकताना बसतो. हायपर-व्हीवर २०१६पासून आलेला 'प्रॉडक्शन चेकपॉइंट' प्रकार वापरा. 'स्टँडर्ड' प्रकार मेमरीसकट अवस्था धरतो आणि डेटाबेससाठी धोक्याचा आहे.

डिस्क एलव्हीएमच्या (लिनक्समधली डिस्कची जागा वाटणारी व्यवस्था) लॉजिकल व्हॉल्यूमवर असेल तर फ्रीझ, 'एलव्हीक्रिएट'ने स्नॅपशॉट, थॉ, कॉपी, आणि स्नॅपशॉट काढून टाकणं इतकंच. दोन व्हॉल्यूम असतील तर दोन्हींचे स्नॅपशॉट एकाच फ्रीझमध्ये उरका. इथे जागा संपली तर व्हीएमला काही होत नाही, स्नॅपशॉट बाद होतो. म्हणून कॉपी संपल्यावर, व्हॉल्यूम काढण्याआधी, 'एलव्हीएस'मध्ये तो शंभर टक्के भरलेला नाही ना ते पाहा. भरलेला असेल तर आत्ता काढलेली प्रत फेकून द्या.

परत उभं करून पाहणं

प्रतीवर 'क्यूईएमयू-आयएमजी चेक' चालवणं चांगलं, पण त्याने फक्त क्यूकाऊ२चे तक्ते तपासले जातात. आतला डेटा नाही. महिन्यातून एकदा तरी मशीन खरंच उभं करा. वाचवलेल्या एक्सएमएलमध्ये नाव बदला, यूयूआयडीची ओळ काढा, मॅक ॲड्रेस काढा, डिस्क आणि एनव्हीरॅमचे पाथ नव्या प्रतींकडे वळवा, आणि नेटवर्क एकाकी ठेवा. नेटवर्क विसरलात तर चाचणीचं मशीन खऱ्या आयपीवर जागं होऊन खऱ्या रांगेतले ईमेल दुसऱ्यांदा पाठवू लागेल. डोमेन कंट्रोलर (विंडोज नेटवर्कमधली खाती सांभाळणारा सर्व्हर) असेल तर एकाकी नेटवर्क अजिबात सोडू नका. बूटनंतर फाइल सिस्टिमचे संदेश, डेटाबेसचा रिकव्हरी लॉग आणि शेवटच्या नोंदीची वेळ पाहा. ती वेळ स्नॅपशॉटच्या क्षणाशी जुळायला हवी. उभं राहायला एकूण किती मिनिटं लागली तेही लिहून ठेवा.

चाचणी झाली की मशीन 'व्हर्श अनडिफाइन'ने काढा; यूईएफआय असेल तर 'एनव्हीरॅम' पर्याय द्यावा लागतो. सोबत 'रिमूव्ह-ऑल-स्टोरेज' देणार असाल तर एंटर दाबण्याआधी त्याच मशीनचं 'डोमबीएलकेलिस्ट' पाहून घ्या. दोनपैकी एका डिस्कचा पाथ बदलायचा राहून गेला असेल तर ती कमांड मूळ मशीनचीच फाइल पुसायला जाते.